ठाणे खाडीवर एमएस्सीचा प्रकल्प: सीओडी तीन हजारांवर जातोय, आराखडा कुठे चुकतोय?

ऐरोलीकर_एमएस्सी

एमएस्सी पर्यावरणशास्त्र, शेवटचं सत्र. प्रकल्पाचा विषय दिलाय ‘ठाणे खाडीच्या पाण्याची गुणवत्ता आणि शाश्वतता’. हातात पाच महिने, त्यातले तीन महिने नमुने गोळा करायला. सध्याचा आराखडा असा आहे:

कळवा, ऐरोली, वाशी आणि बेलापूर अशी चार ठिकाणं. जानेवारी ते मार्च, महिन्यातून एकदा, एकाच दिवसात चारही ठिकाणी जाऊन पाणी आणायचं. पीएच, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), बीओडी (सेंद्रिय घाण संपवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, फॉस्फेट, तेल-ग्रीस आणि शिसं, कॅडमियम, पारा हे जड धातू तपासायचे. आलेले आकडे आयएस १०५०० शी ताडायचे आणि वॉटर क्वालिटी इंडेक्स काढायचा.

चाचणी म्हणून ऐरोलीजवळच्या पाण्याचा एक नमुना केला. बीओडी १५ च्या आसपास आला, पण सीओडी ३,२०० मिग्रॅ प्रति लिटर. दोनदा केला, तेवढाच येतो. हे कारखान्यांचं सांडपाणी धरायचं का? दुसरं म्हणजे, ‘शाश्वतता’ या भागात नेमकं काय लिहायचं? पुस्तकी व्याख्या सोडून काही सुचत नाहीये. जाणकारांनी आराखड्यातल्या चुका मोकळेपणाने दाखवाव्यात, अजून बदलायला वेळ आहे.

ब्युरेटवाले

तुमचा ३,२०० हा आकडा कारखान्याचा नाही, मिठाचा आहे. सीओडीच्या चाचणीत डायक्रोमेटच्या उकळत्या आम्लात क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण होतं. १ मिग्रॅ क्लोराइड ०.२२६ मिग्रॅ ऑक्सिजनएवढा सीओडी दाखवतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९,००० मिग्रॅच्या घरात असतं. तुमच्या नमुन्यात १४,००० धरलं तरी १४,००० गुणिले ०.२२६ म्हणजे ३,१६४. उरतं काय बघा. दोनदा तोच आकडा आला कारण मीठ दोन्ही वेळा तेवढंच होतं. आकडा पुन्हा तसाच आला म्हणजे तो बरोबर आहे, असं होत नाही.

यावर मर्क्युरिक सल्फेट घालतात हे पुस्तकात असतंच, पण त्याचं प्रमाण बघायला हवं. क्लोराइडच्या दहापट मर्क्युरिक सल्फेट लागतं. २० मिलि नमुन्याला नेहमीचं ०.४ ग्रॅम घातलं तर ते ४० मिग्रॅ क्लोराइड बांधतं, म्हणजे लिटरला २,००० मिग्रॅपर्यंतच. खाडीचं पाणी त्याच्या सातपट खारट. दहापट पातळ करून केलं तर क्लोराइड आटोक्यात येतं, पण खरा सीओडी ८० असेल तर तोही ८ वर येतो. ०.२५ नॉर्मल डायक्रोमेटवर ५० च्या खालचा आकडा विश्वासाचा नसतो आणि शेवटी दहाने गुणताना ब्युरेटमधली चूकही दहापट होते. म्हणून खाडीच्या पाण्याला सीओडी लावूच नका. नाल्याच्या गोड्या पाण्याला लावा, तोही आधी क्लोराइड मोजून. तिथेही क्रम पाळा: नमुना, त्यात मर्क्युरिक सल्फेट, हलवून विरघळू द्या, मगच सिल्व्हर सल्फेटचं आम्ल. उलट केलंत तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो आणि उत्प्रेरकच वाया जातो.

बाकी चाचण्यांतही मीठ आडवं येतं. नायट्रेटची फिनॉल डायसल्फोनिक आम्लाची पद्धत क्लोराइडने बिघडते. अमोनियासाठी नेसलरचा अभिकर्मक खाऱ्या पाण्यात गढूळ होतो, शिवाय त्यात पारा असतो. इंडोफिनॉलची पद्धत घ्या, सायट्रेट घालून, ६४० नॅनोमीटरला वाचा. प्रमाण द्रावणं ऊर्ध्वपातित पाण्यात करू नका, नमुन्याएवढ्याच खारट पाण्यात करा. नाहीतर त्याच अमोनियाला रंग वेगळा येतो. फॉस्फेटची अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची पद्धत ठीक चालते. रंग आल्यावर दहा ते तीस मिनिटांच्या आत ८८० ला वाचायचं. तिथे घोळ होतो तो काचेच्या भांड्यांचा. ती साबणाने धुतली की साबणातलं फॉस्फेटच मोजलं जातं, म्हणून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने खळबळून घ्या.

जड धातू काढून टाका. खाऱ्या पाण्यातले धातू थेट यंत्रावर घातले तर मीठच आकडा बिघडवतं, आधी वेगळं निष्कर्षण करावं लागतं. तीन महिन्यांत हे नीट होत नाही.

भरती_पाऊणपट

ब्युरेटवाल्यांनी मीठ सांगितलं, मी पाणी कधी घ्यायचं ते सांगतो. तुमच्या आराखड्यातली मोठी चूक तिथे आहे. एका दिवसात चार ठिकाणं म्हणजे सकाळी कळव्याला ओहोटी, दुपारी बेलापूरला भरती. मग कळव्याचं पाणी बेलापूरपेक्षा खराब निघालं तर फरक जागेचा की वेळेचा, हे कोणीही सांगू शकणार नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येणार.

आपल्याकडची जुनी पाऊणपट माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. कोळीवाड्यात हा हिशेब आजही तोंडपाठ असतो. ढोबळ नियोजनाला तो पुरतो. अहवालात मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यातली अपोलो बंदरची वेळ द्या. खाडीत आत भरती बंदरापेक्षा उशिरा पोचते. किती उशिरा, ते स्वतः मोजा: जेट्टीच्या खांबाला सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी बांधा, दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहा.

आता यातली मेख. पाऊणपट नीट पाहिली तर दिसेल की इथे उधाणाची भरती कायम दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. दुपारी ऊन असतं, पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं. म्हणजे फक्त पौर्णिमेला नमुने घेतलेत तर भरतीचा डीओ चांगलाच येणार आणि तो समुद्राच्या ताज्या पाण्याने आला की उन्हाने, ते वेगळं काढता येणार नाही. अष्टमीला सगळं उलट होतं: सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. म्हणून एक फेरी उधाणाची आणि एक भांगाची (अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची भरती-ओहोटी), दोन्ही हव्यातच. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वात जास्त असतो, तो दिवस धरला तरी चालेल. भांगाला पाणी निम्म्याहूनही कमी चढतं-उतरतं, त्यामुळे नाल्याचं पाणी जागच्या जागी घुटमळतं. वाईट आकडे बहुधा तिथेच सापडतात.

तेव्हा चार ठिकाणं सोडा, एक किंवा दोन ठेवा. तिथे भरती ते भरती, म्हणजे १२ तास २५ मिनिटांचं पूर्ण चक्र, दर दोन तासांनी नमुना. प्रत्येक नमुन्यासोबत क्षारता, तापमान, घड्याळाची वेळ आणि पट्टीवरची पातळी. क्षारता नोंदवली नसेल तर खाडीच्या पाण्याचा बाकीचा एकही आकडा वाचता येत नाही. क्लोराइड ग्रॅममध्ये मोजलंत तर १.८ ने गुणा: १५ ग्रॅम क्लोराइड म्हणजे २७ च्या आसपास क्षारता.

टीवाय_केमिस्ट्री_कळवा

थोडं मध्येच विचारते. केमिस्ट्रीनंतर पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करायचा विचार आहे. हे सगळं वाचून वाटतंय की मूळ काम केमिस्ट्रीचंच आहे. मग वेगळी पदवी कशासाठी?

काठावरचा

पर्यावरणशास्त्रात नमुना कुठून, कधी, किती घ्यायचा आणि आलेल्या आकड्याचा कायद्याशी काय संबंध, हे शिकवलं जातं किंवा शिकवलं जायला हवं. केमिस्ट्रीत नमुना बाटलीत भरून समोर येतो. अभ्यासक्रम निवडताना विषयांची नावं बघू नका. क्षेत्रभेटी किती, प्रयोगशाळेत बीओडी इनक्युबेटर चालू आहे का, क्यूजीआयएससारखं नकाशाचं काम शिकवतात का आणि शेवटचा प्रकल्प स्वतःच्या नमुन्यांवर करावा लागतो की संकलनावर भागतं, हे तिथल्या आताच्या विद्यार्थ्यांना विचारा. पुढच्या शिक्षणासाठी गेटमध्ये २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, नेटलाही पर्यावरणशास्त्र हा विषय आहे. आयआयटी मुंबईत पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा विभाग आहे. धोरण आणि समाजाच्या बाजूने यायचं असेल तर देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था. नोकरी आधी मिळते ती प्रयोगशाळेत किंवा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या सल्लागारांकडे. दोन्हीकडे केमिस्ट्रीचा हात उपयोगी पडतो, तेव्हा तुमची तीन वर्षं वाया जात नाहीत.

ऐरोलीकर_एमएस्सी

सर्वांचे आभार. सीओडी आणि धातू आराखड्यातून काढून टाकले. दोन प्रश्न: (१) आयएस १०५०० नाही तर कशाशी ताडायचं? (२) एक-दोन ठिकाणंच घ्यायची तर कुठली? अभयारण्याची हद्दही मध्ये येते.

काठावरचा

आयएस १०५०० पिण्याच्या पाण्याचं मानक आहे. खाडीचं पाणी त्यात नापासच होणार, कारण ते खारट आहे. त्यावर काढलेला वॉटर क्वालिटी इंडेक्स म्हणजे समुद्र पिण्यालायक नाही हे सिद्ध करणं. तो भाग पूर्ण वगळा.

किनारी पाण्यासाठी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत एसडब्ल्यू-एक ते एसडब्ल्यू-पाच असे वापरानुसार वर्ग आहेत. एसडब्ल्यू-एकमध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पाणी येतं, डीओ किमान ५ मिग्रॅ. एसडब्ल्यू-दोन अंघोळ आणि व्यावसायिक मासेमारीसाठी: डीओ किमान ४, तीन दिवसांचा बीओडी ३ पेक्षा जास्त नको, विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलित १०० पर्यंत. एसडब्ल्यू-चार बंदराचं पाणी: डीओ ३, बीओडी ५. एकाच आकड्याला पास-नापास म्हणण्यापेक्षा ओहोटीला हे पाणी कोणत्या वर्गात बसतं आणि भरतीला कोणत्या, असा तक्ता करा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

परवानगीचं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, सुमारे १,६९० हेक्टर, ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान खाडीच्या पश्चिम बाजूला. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, त्याचं क्षेत्र ६,५२१ हेक्टर, म्हणजे अभयारण्यापेक्षा बरंच मोठं. अहवालात हे दोन आकडे एकमेकांच्या जागी घालू नका, ही चूक फार दिसते. अभयारण्यात पाणी, गाळ काहीही उचलायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने कांदळवन कक्षाकडे करा. सोबत ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, नमुन्यांची संख्या आणि लिटर लिहा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून पाच महिन्यांच्या कामात पूर्व काठ, म्हणजे नवी मुंबईची बाजू घेणं शहाणपणाचं. तिथेही तिवराच्या पानाला किंवा मुळाला हात लावू नका. कांदळवन सीआरझेड-एक-अ (किनारी नियमन क्षेत्राचा सर्वात संवेदनशील वर्ग) मध्ये मोडतं आणि २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याच्या तोडीला राज्यभर बंदी आहे.

पुलावरून दोरीने बादली सोडायची कल्पना असेल तर ती सोडून द्या. वाहनांचा धोका आहेच, शिवाय बादलीत वरचा पातळ थर तेवढा येतो आणि पडताना हवा मिसळून डीओ वाढतो. जेट्टीवरून घ्या. वाशी गाव, सारसोळे, दिवाळे इथे जेट्ट्या आहेत. चिखलात एकट्याने उतरू नका. वरून सुकलेला दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत आत घेतो आणि भरती पाठीमागच्या ओहळातून आधी भरते. स्थानिक कोळ्यांना सोबत घ्या आणि त्यांची दिवसाची मजुरी प्रकल्पाच्या खर्चात धरा.

नाला_ते_खाडी

ठिकाणाबद्दल माझं ठाम मत: धारण तलाव घ्या. नवी मुंबईचे बरेच नोड (सिडकोने आखलेले उपनगरी भाग) भरतीच्या पातळीच्या खालच्या खाजण जमिनीवर वसलेत. डच पद्धतीने सिडकोने काठाला बांध घातले आणि पावसाळी नाल्यांच्या तोंडाशी धारण तलाव ठेवले. तलाव आणि खाडीच्या मध्ये झडपा. भरतीला खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं, शहराचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडप आपोआप उघडून ते खाडीत जातं. निदान कागदावर तरी असं आहे. झडप गाळाने अडकली किंवा झिजली की भरती तलावात शिरते. त्याच्यासोबत गाळ येतो, गाळात तिवराच्या बिया रुजतात आणि काही वर्षांत तलावाचं कांदळवन होतं. मग गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागतं आणि तोडायला बंदी. गाळ काढला नाही तर पावसाळ्यात भरती आणि मुसळधार एका वेळी आली की नोडमध्ये पाणी तुंबतं.

तुमची ‘शाश्वतता’ ती हीच. ब्रंटलंड आयोगाची १९८७ ची व्याख्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या सतरा उद्दिष्टांची रंगीत चौकट चिकटवून काही होत नाही. इथे एका तलावात पूर, जंगल आणि सांडपाणी तिन्ही एकमेकांत अडकलेत. कुठला एक सोडवायचा म्हटलं तर दुसऱ्याला काय किंमत पडते, ते आकड्यांत दाखवा.

ते आकडे असे मिळतील. झडपेच्या आतल्या बाजूला एक ठिकाण, बाहेर खाडीत एक. भरतीचं पूर्ण चक्र, दोन्हीकडे क्षारता आणि डीओ. भरतीच्या वेळी आतली क्षारता वाढत असेल तर झडप गळते आहे. एवढं कळायला क्षारतामापक पुरतो, महागडं काही लागत नाही.

मग अमोनिया. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर अमोनिया, सगळे नमुने एकाच आलेखावर मांडा. एका टोकाला नाल्याचं पाणी, दुसऱ्या टोकाला समुद्राकडचं, त्यांना रेषेने जोडा. बिंदू रेषेवर बसले तर खाडीत फक्त मिसळणं चाललंय, बाकी काही नाही. बिंदू रेषेच्या खाली आले तर अमोनिया कुठेतरी संपतोय: जिवाणू खातात किंवा गाळ धरतो. वर आले तर मध्ये आणखी एखादं सांडपाणी मिसळतंय किंवा गाळातून सुटतोय. जानेवारी ते मे खाडीच्या वरच्या भागात जे थोडं गोडं पाणी असतं ते बहुतांश शहराचं सांडपाणीच, त्यामुळे हा आलेख कोरड्या महिन्यांत फार स्वच्छ बोलतो. मार्चपर्यंतच्याच नमुन्यांवर काम करणार असाल तर शीर्षकात ‘पावसाळ्यापूर्वीचा अभ्यास’ असं लिहा.

तिसरं, भार. नुसतं ‘बीओडी ४०’ म्हणून काही कळत नाही, किती पाणी गेलं ते हवं. नाल्याचा सरळ, सिमेंटचा १० मीटरचा तुकडा निवडा, संत्रं सोडा. संत्रं बरंचसं पाण्याखाली राहतं म्हणून वाऱ्याने वाहत नाही आणि हरवलं तरी कचरा होत नाही. १० मीटर जायला २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. सरासरीसाठी ०.८५ ने गुणा, ०.३४. नाला ३ मीटर रुंद आणि पाणी ०.४ मीटर खोल असेल तर छेद १.२ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला ४०८ लिटर. उदाहरणादाखल बीओडी ४० धरला तर तासाला सुमारे ५९ किलो. याला सरळ २४ ने गुणू नका, कारण भरतीला हेच पाणी थांबतं किंवा उलटं वाहतं. दर तासाला संत्रं सोडा, खोली मोजा, बेरीज करा. समजा ओहोटीच्या सहा तासांत साधारण ३५० किलो निघाले. केंद्राच्या सांडपाणी नियमपुस्तिकेत माणशी रोजचा बीओडी २७ ग्रॅम धरलाय, म्हणजे जवळपास १३,००० माणसांचं सांडपाणी त्या ओहोटीत बाहेर गेलं. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या नोडच्या पावसाळी नाल्यात कोरड्या महिन्यात एवढं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. धोरणाचं प्रकरण तिथून सुरू करा.

ब्युरेटवाले

वरचा आराखडा आवडला, पण तो सगळा डीओच्या बाटलीवर उभा आहे, म्हणून तेवढं नीट सांगतो.

३०० मिलिची बाटली, नळी तळापर्यंत नेऊन भरा, बाटलीच्या दोन-तीनपट पाणी वरून वाहू द्या. बुडबुडा राहिला की गेलं. मँगनीज सल्फेट १ मिलि आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलि, दोन्ही पिपेट पाण्यात बुडवून. बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर शून्य. तो टाकून देऊ नका, शून्य हाही निकाल आहे आणि नाल्याच्या तोंडाशी तो मिळू शकतो. खाऱ्या पाण्यात साका हळू बसतो, घाई न करता अर्धी बाटली निवळू द्या, पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. मग १ मिलि सल्फ्युरिक आम्ल. साका विरघळून पिवळा-तांबूस रंग येतो. २०१ मिलि घ्या, ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन करा. रंग फिकट गवती झाला की स्टार्च, निळा जाईपर्यंत. थोड्या वेळाने निळा परत आला तर दुर्लक्ष करा. लागलेले मिलि म्हणजेच लिटरला मिग्रॅ. थायोसल्फेट त्याच दिवशी प्रमाणित केलेलं हवं. महिन्यापूर्वी केलेलं द्रावण कमजोर होतं आणि डीओ फुगवून दाखवतं.

काळं, कुजक्या अंड्याच्या वासाचं पाणी असेल तर ही पद्धत वापरू नका. सल्फाइड आयोडीन खातं, डीओ खोटा कमी येतो. तिथे प्रकाशीय प्रोबचा मापक मागून आणा आणि त्यात क्षारता भरायला विसरू नका.

डीओ मिग्रॅसोबत संपृक्ततेच्या टक्क्यांतही द्या. ३० अंशाला गोड्या पाण्यात ७.५६ मावतो, पूर्ण समुद्री पाण्यात सुमारे ६.२. म्हणजे ६ मिग्रॅ नाल्यात ७९ टक्के आणि समुद्रात ९७ टक्के. दोन्हीकडे ‘६’ लिहून सारखंच म्हणणं चूक.

बीओडी तीन दिवस २७ अंशाला. पाच दिवस २० अंशाचा जुना आकडा आणि हा एकाच तक्त्यात मिसळू नका. १५ च्या आसपास अपेक्षा असेल तर ३०० मिलिच्या बाटलीत ६०, ९० आणि १२० मिलि नमुना घाला, ऑक्सिजन अनुक्रमे ३, ४.५ आणि ६ मिग्रॅ उतरेल. किमान २ उतरला पाहिजे आणि शेवटी किमान १ उरला पाहिजे, नाहीतर ती बाटली रद्द. बीज (बाटलीत मुद्दाम घातलेले जिवाणू) खाऱ्या पाण्याला सरावलेलं हवं. खाडीचंच गाळलेलं, थोडं जुनं पाणी चालतं, पण बिजाची वेगळी बाटली ठेवून वजावट करा. प्रक्रिया केलेलं सांडपाणी नाल्यात येत असेल तर अमोनियाचं नायट्रीकरणही ऑक्सिजन खातं, तिथे ते थांबवणारं अलाइलथायोयुरिया घालून एक जोडी वेगळी लावा.

ऐरोलीकर_एमएस्सी

नवा आराखडा लिहिते. एक धारण तलाव, झडपेच्या आत आणि बाहेर. फेब्रुवारीत पौर्णिमेनंतरचा दिवस आणि त्यापुढची अष्टमी, मार्चमध्ये पुन्हा तसंच, एकूण चार दिवस. दर दोन तासांनी सात वेळा, दोन्ही ठिकाणी. क्षारता, तापमान, डीओ आणि अमोनिया प्रत्येक वेळी. बीओडी आणि नाल्याचा प्रवाह फक्त ओहोटीला. अष्टमीच्या पहिल्या नमुन्यासाठी पहाटे अंधारात जावं लागेल आणि प्रयोगशाळेत डीओच्या बाटल्या फक्त वीस आहेत. जमेल का?

भरती_पाऊणपट

बाटल्यांचं गणित आधी करा. दोन ठिकाणं, सात वेळा, म्हणजे १४, आणि दहात एक दुहेरी नमुना धरून आणखी २. डीओला १६ गेल्या, बीओडीला चारच उरतात. म्हणून डीओचं अनुमापन काठावरच करा, बाटली रिकामी होऊन परत फिरते. आम्ल घातलेली बाटली सावलीत आठ तासांपर्यंत थांबते, पण उन्हात ठेवली तर आयोडीन उडतं. बीओडी ओहोटीच्या एकाच वेळेला, दोन्ही ठिकाणी लावा. त्याच्या बाटल्या तीन दिवस अडकून राहतात, म्हणून शेजारच्या महाविद्यालयाकडून डझनभर उसन्या घ्या आणि प्रत्येकीचं बूच तिचंच आहे ना ते बघा. दुसरीचं बूच बसवलं की आकारमान बदलतं.

दोन तासांचा टप्पा डीओला पुरतो, झडपेला नाही. झडप उघडते-मिटते ती वेळ तासाभरातच निघून जाते. तेव्हा क्षारता आणि पट्टीवरची पातळी दर पंधरा मिनिटांनी घ्या, त्याला बाटली लागत नाही.

अष्टमीला पहाटेचा डीओ हा दिवसातला सर्वात कमी, तो चुकवायचा नाही. शेवाळाने रात्रभर ऑक्सिजन खाल्लेला असतो. काठावर दोघं तरी हवेत. पांढरा विजेरीचा दिवा न्या, पिवळ्या दिव्यात गवती रंग दिसतच नाही. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा. वाऱ्याने ब्युरेट हलते म्हणून स्टँड जेट्टीच्या कठड्याला सुतळीने बांधा. अमोनियाच्या बाटल्या गाळून लगेच बर्फात आणि त्याच दिवशी वाचा.

ब्युरेटवाले

आणि आधी केलेल्या त्या दोन सीओडींचं द्रावण बेसिनमध्ये ओतलं नसेल तर ओतू नका. त्यात पारा, चांदी आणि क्रोमियम आहे. काचेच्या बाटलीत वेगळं ठेवा, वर तारीख आणि घटक लिहा आणि घातक कचऱ्याच्या नोंदवहीत चढवून विभागाकडे द्या.

ऐरोलीकर_एमएस्सी

ओतलेलं नाही, बाटली कपाटात आहे. उद्याच लेबल लावते.